‘बायकांची गाडी’ म्हणून विकलेली गाडी



आपल्याकडे गाड्यांचीही वाटणी झालेली असते. बुलेट गडीमाणसांची, स्कूटी बायकांची. ट्रॅक्टरवर बाई बसली की लोक मोबाईल काढून फोटो घेतात. आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर, रिक्षा आणि लहान मोटारी तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. त्यांच्याबद्दल दुकानापासून ओट्यापर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं, “ही बायकांसाठी बरी.” का बरी? तर आवाज नाही, धूर नाही, गिअर नाही आणि बायकांना कुठे लांब जायचं असतं!

हे वाक्य आजचं नाही. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी अमेरिकेत विजेची मोटार जवळपास याच शब्दांत विकली जात होती. ती गाडी लहान होती, देखणी होती आणि चांगलीच महाग होती. तिच्यात गुण होते तसे दोषही होते. आज आम्ही त्या गाडीचा हिशोब तुमच्यापुढे मांडणार आहोत. कारण आपल्यापैकी कुणाच्या तरी गटात उद्या अशीच एखादी गाडी घेण्याचा ठराव येईल. त्या दिवशी हा जुना हिशोब उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. मोटार नवी होती तेव्हा ती पेट्रोलवरच चालणार असं काही ठरलेलं नव्हतं. १९०० साली अमेरिकेत ४,१९२ मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या १,६८१ वाफेवर चालणाऱ्या, १,५७५ विजेवर चालणाऱ्या आणि फक्त ९३६ पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या. म्हणजे दर तीन गाड्यांत एकीहून जास्त विजेची, आणि पेट्रोलची सर्वांत कमी. वीज ही उद्याची गोष्ट आहे असं आज आपण म्हणतो, पण ती कालचीही होती.

विजेच्या गाड्यांत डेट्रॉईट शहरात बनणारी ‘डेट्रॉईट इलेक्ट्रिक’ पुढे फार नावाजली. १९०७ पासून ती बनू लागली. बाहेरून ती गाडी कमी आणि काचेच्या खिडक्यांची छोटी खोली जास्त वाटायची. आत मऊ गाद्या, खिडक्यांना पडदे, फुलं ठेवायला छोटी फुलदाणी. गोल स्टिअरिंग नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा, तो ढकलला की गाडी वळायची. दुसऱ्या दांड्यानं वेग कमी-जास्त व्हायचा. चालवणारी मागच्या बाकावर बसायची आणि समोरच्या पाहुण्या तिच्याकडे तोंड करून. गप्पा मारायला एकदम सोयीचं, पण रस्ता पाहायचा तो पाहुण्यांच्या डोक्यांवरून!

ह्या गाडीची एक प्रसिद्ध मालकीण होती, क्लारा फोर्ड. आडनाव ऐकल्यासारखं वाटेल. पेट्रोलवर चालणारी ‘मॉडेल टी’ काढून ज्यानं मोटार सामान्य माणसाच्या दारात नेली, त्या हेन्री फोर्डची ही बायको. जगभर पेट्रोलची गाडी विकणाऱ्याच्या घरात बायको विजेची गाडी चालवायची. तिची १९१४ सालची डेट्रॉईट इलेक्ट्रिक आजही अमेरिकेत हेन्री फोर्डच्या नावाच्या संग्रहालयात ठेवलेली आहे.

आता कुणी म्हणेल, बाईला इंजिनातलं काय कळतं, म्हणून तिनं सोपी गाडी घेतली. पण क्लारा शेतकऱ्याची मुलगी होती. १८९३ च्या डिसेंबरात, नाताळच्या आदल्या रात्री, हेन्रीनं आपलं पहिलं घरगुती इंजिन स्वयंपाकघरातल्या मोरीच्या ओट्यावर बांधून चालवून पाहिलं. त्यात हातानं थेंबथेंब पेट्रोल सोडायचं काम क्लारानं केलं. घरात तान्हं मूल आणि दुसऱ्या दिवशीचा सणाचा स्वयंपाक. जिनं पेट्रोलचं इंजिन जन्मताना पाहिलं, तिनं स्वतःसाठी विजेची गाडी पसंत केली. तिला त्यात काहीतरी दिसलंच असणार.

काय दिसलं ते कळायला आपल्या शेतातलं जुनं ऑईल इंजिन आठवा. विहिरीवर ते सुरू करायचं म्हणजे हँडल मारावं लागायचं. दोन्ही पाय रोवून जोरानं फिरवायचं, आणि इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट गेलंच. त्या काळच्या पेट्रोल गाडीचंही तसंच होतं. पुढे उभं राहून हँडल मारायचं, हात मोडायची भीती. सुरू झाली की धडधड, धूर, तेलाचे डाग आणि अवघड गिअर. विजेच्या गाडीत यातलं काही नव्हतं. दांडा सरकवला की गाडी निघाली. ऐन थंडीतही लगेच. कपडे खराब होत नाहीत, वास येत नाही, वाटेत इंजिन बंद पडून पुन्हा हँडल मारणं नाही.

हे गुण फक्त बायकांनाच पटले असं नाही. डॉक्टर मंडळीही ही गाडी घ्यायची. रात्री-अपरात्री रोग्याकडे निघायचं तर लगेच सुरू होणारी गाडी हवी. डॉक्टरांनी घेतली म्हणून तिला कुणी ‘डॉक्टरांची गाडी’ म्हणून हिणवलं नाही. बायकांनी घेतली तेव्हा मात्र ती ‘बायकांची’ झाली.

आता दोष पाहू. पहिला दोष किंमत. १९१४ च्या सुमारास मॉडेल टी पाचशे डॉलरच्या आसपास मिळायची. डेट्रॉईट इलेक्ट्रिक अडीच हजार डॉलरच्या पुढे. म्हणजे निदान पाचपट. त्याच वर्षी जानेवारीत हेन्री फोर्डनं कारखान्यातल्या मजुराला दिवसाला पाच डॉलर देण्याचं जाहीर केलं आणि जगभर त्याची चर्चा झाली, इतकी ती मजुरी मोठी होती. त्या मोठ्या मजुरीनंही मॉडेल टीसाठी शंभर दिवसांची कमाई लागायची आणि विजेच्या गाडीसाठी पाचशे दिवसांची. म्हणून ती क्लाराची झाली, तिच्या घरी काम करणाऱ्या बाईची कधीच झाली नाही.

दुसरा दोष वेग आणि पल्ला. वेग ताशी बत्तीस ते चाळीस किलोमीटर. एकदा बॅटरी भरली की कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ८० मैल, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर. आपल्या भाषेत सांगायचं तर शिंदखेड्याहून धुळ्याला जाऊन परत आलो की शंभरएक किलोमीटर होतात. कागदावर जमतं. पण कागदावरचा आकडा चांगल्या रस्त्याचा आणि नव्या बॅटरीचा असतो. बॅटरी जुनी झाली, चढ लागला, खड्डे आले की तो आकडा उतरतो. आजच्या गाड्यांनाही हे लागू आहे.

तिसरा दोष बॅटरी. शिसं आणि तेजाब यांची ती बॅटरी, आपल्या ट्रॅक्टरमध्ये असते त्याच जातीची. जड, पाणी घालत राहावं लागणारी आणि काही वर्षांत बदलावी लागणारी. बल्बमुळे आपल्याला माहीत असलेला थॉमस एडिसन याच काळात निकेल आणि लोखंडाची जास्त टिकाऊ बॅटरी बनवत होता. ती टिकायची, पण महाग होती. हेन्री फोर्ड आणि एडिसन दोघे मित्र. १९१४ मध्ये फोर्डनं स्वस्त विजेच्या गाडीवर काम चाललं असल्याचं सांगितलंसुद्धा. ती गाडी बाजारात कधी आली नाही.

चौथा दोष गाडीचा नव्हताच, तो तारांचा होता. शहरातल्या श्रीमंताच्या घरी वीज होती, तिथे रात्रभर गाडी भरता यायची. खेड्यात वीज नव्हती. १९३५ च्या आसपासही अमेरिकेतल्या दर दहा खेडूत घरांपैकी नऊ अंधारातच होती. पेट्रोल मात्र डब्यात घालून कुठेही नेता यायचं. शेतकऱ्याच्या बायकोला विजेची गाडी फुकट दिली असती तरी ती भरायची कुठे? गाडीपेक्षा तार महत्त्वाची. ह्या चौथ्या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

मग ती गाडी मागे पडली कशी? १९०१ मध्ये टेक्सासात तेलाचा मोठा साठा लागला आणि पुढे पेट्रोल स्वस्त झालं. फोर्डच्या कारखान्यात १९१३ पासून सरकत्या पट्ट्यावर गाड्या जुळू लागल्या आणि किंमत आणखी उतरली. आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा स्टार्टर बसला. बटण दाबलं की पेट्रोलचं इंजिन सुरू. हँडल गेलं. गंमत बघा, विजेच्या गाडीचा सर्वांत मोठा गुण पेट्रोलच्या गाडीनं उचलला, तोही छोटी मोटर आणि बॅटरी बसवून, म्हणजे विजेच्याच मदतीनं. डेट्रॉईट इलेक्ट्रिक तरीही १९३९ पर्यंत थोडी थोडी बनत राहिली. एकंदर सुमारे १३,००० गाड्या. मॉडेल टी दीड कोटी झाल्या.

आता त्या ‘बायकांची गाडी’ शब्दाकडे येऊ. जाहिरातीत नीटनेटक्या बायका, बाजारहाट, मैत्रिणींकडे चहा, मुलांना शाळेतून आणणं. त्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनी एक गोष्ट नेमकी दाखवली आहे. गाडीचा पल्ला कमी आहे हा तिचा दोष होता, पण जाहिरातीनं तो बायकांचा स्वभाव करून टाकला. बायकांना लांब जायचंच नसतं, मग पल्ला कशाला हवा? पैसे नवऱ्याचे, कुंपण बायकोचं. दावं लांब असलं तरी ते दावंच.

आणि बायकांना लांब जायचं नव्हतं हे खरंही नव्हतं. जगातला मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका बाईनंच केला. १८८८ च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्यानं बनवलेल्या गाडीतून माहेरी निघाली. शंभरहून जास्त किलोमीटर. वाटेत इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. त्या प्रवासानं ही गाडी कामाची आहे असं लोकांना पटलं. १९०९ मध्ये बावीस वर्षांची ॲलिस रॅम्से तीन सोबतिणींसह न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पेट्रोलची गाडी चालवत गेली. चिखलातून, कच्च्या वाटांवरून, ५९ दिवस. आपल्या मुंबईतही १९०५ मध्ये मोटार चालवणाऱ्या सुझान टाटा यांचं नाव भारतातली गाडी चालवणारी पहिली स्त्री म्हणून घेतलं जातं. जे. आर. डी. टाटा यांच्या त्या आई.

म्हणजे बायकांना पल्ला हवा होता. विजेच्या गाडीकडे तो नव्हता. दोन्ही गोष्टी स्पष्ट बोलल्या असत्या तर बॅटरीवर आणि तारांवर काम झालं असतं. ‘बायकांना एवढं पुरे’ म्हटल्यावर सुधारणा कोण करणार? आणि ‘ही बायकांची’ म्हटल्यावर पुरुष ती घेणार कशाला? एका शब्दानं गाडीचंही नुकसान केलं आणि बायकांचंही.

आपल्या राज्यात वीज त्याच काळात वेगळ्या वाटेनं रस्त्यावर आली. मुंबईत ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची रेल्वे सुरू झाली. ट्रामला बॅटरी लागत नव्हती, वरून तार जायची. म्हणून पल्ल्याची काळजी नव्हती, आणि दोन-चार पैशांत गिरणीत जाणारी बाईही बसू शकत होती. आज आपल्या सुरत–भुसावळ मार्गावर शिंदखेडा स्टेशनातूनही विजेवर गाड्या जातात. वीज एकाच्या दारात चैन म्हणून उभी करता येते आणि शंभर जणांच्या उपयोगालाही लावता येते.

लहान विजेची मोटार भारतात खऱ्या अर्थानं आली ती २००१ मध्ये. बंगळुरूच्या ‘रेवा’ नावाची दोन दारांची गाडी. चेतन मैनी यांनी ती उभी केली. एकदा भरली की सुमारे ८० किलोमीटर. बॅटरी पुन्हा शिसाचीच. २००४ पासून ती लंडनमध्ये ‘जी-विझ’ या नावानं विकली गेली, कारण तिथे शहराच्या मध्यात गाडी नेण्याचा कर विजेच्या गाडीला माफ होता. पण २००७ मध्ये तिथे धडकेची चाचणी झाली तेव्हा आत बसणाऱ्यांच्या जिवाबद्दल गंभीर प्रश्न निघाले. हलकी आणि लहान असणं हा शहरात गुण, महामार्गावर मात्र तोच दोष. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्रा कंपनीनं रेवा घेतली, २०१३ मध्ये ‘ई-टू-ओ’ ही लिथियम बॅटरीची लहान गाडी काढली. काही वर्षांनी तीही बंद झाली. मोठ्या पल्ल्याच्या, मजबूत गाड्या आल्यावरच विजेची मोटार आपल्या रस्त्यांवर नेहमीची दिसू लागली. दोष लपवून नाही, दूर करून.

मग आज आपल्यासाठी काय? क्लाराच्या काळात खेड्यात तार नव्हती. आज आपल्या गावात तार आहे. फक्त तिच्यात वीज कधी असते हा प्रश्न आहे! शेतीच्या पंपाला कधी दिवसा तर कधी रात्री वीज मिळते, तिच्या पाळ्या आपल्याला पाठ आहेत. घरची वीज वेगळ्या वाहिनीवर असली तरी वादळ-पावसात ती किती तास जाते तेही माहीत आहे. चोवीस युनिटची बॅटरी असलेली लहान मोटार घरच्या १५ अँपिअरच्या प्लगवर पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात. एका युनिटवर ती साधारण सहा-सात किलोमीटर जाते. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला आणि थंड हवेचं यंत्र लावलं की त्याहून कमी. पेट्रोलपेक्षा तरीही खर्च बराच कमी, हा मोठा गुण. पण वीज नसलेल्या रात्रीची सकाळ कशी काढायची, हे गाडी घेण्याआधी विचारायचं.

विजेला धूर नाही असं आपण म्हणतो. गाडीच्या मागे नसतो, हे खरं. पण भुसावळजवळ दीपनगरच्या केंद्रात कोळसा जळतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला उन्हापासून वीज बनते, तिला धूर नाही, पण जमीन लागते. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची दाद मागताना आपल्याच तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांचा २०१८ मध्ये जीव गेला. विजेची किंमत मीटरवर सगळी दिसत नाही, हे आपल्या तालुक्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही. म्हणून ती वीज वापरायची तर कामाच्या गोष्टीला वापरावी.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये शहरांतल्या महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना मंजूर केली. २० टक्के अनुदान, १० टक्के स्वतःचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. रंग गुलाबी. रंगाला आमची हरकत नाही. पण कर्जाचा हप्ता गुलाबी नसतो, तो दर महिन्याला येतो. दिवसाला किती फेऱ्या, किती किलोमीटर, बॅटरी किती वर्षांची, हे कागदावर मांडल्याशिवाय कुठल्याही रंगाची गाडी घेऊ नये. दुसरीकडे, १ जून २०२२ ला पुणे–अहमदनगर मार्गावर एसटीची विजेवरची ‘शिवाई’ धावली. १९४८ मध्ये पहिली एसटी धावली तीही याच मार्गावर. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. त्या गाडीला कुणी बायकांची म्हणत नाही, तरी बायकांनी ती भरलेली असते.

तेव्हा बहिणींनो, विजेची गाडी चांगली की वाईट, असा प्रश्नच विचारू नका. पाच प्रश्न विचारा. आपलं रोजचं काम किती किलोमीटरचं? ती भरायची कुठे, आणि वीज गेली तर काय? बॅटरीची हमी किती वर्षांची आणि बदलायला किती पैसे? बिघडली तर दुरुस्त करणारा धुळ्याच्या अलीकडे आहे का? आणि पाचवा, सर्वांत महत्त्वाचा, कागदपत्रांवर नाव कुणाचं आणि किल्ली कुणाच्या हातात?

पुढच्या बैठकीआधी एक काम करा. ह्या आठवड्यात घरातली बाई किती किलोमीटर फिरली ते वहीत लिहा. शेत, गिरणी, बाजार, बँक, दवाखाना, माहेर, सगळं. पायी किती, दुसऱ्याच्या गाडीवर किती, एसटीनं किती. आणि शेवटी एक ओळ : जायचं होतं पण गाडी नाही म्हणून राहिलं, असं ठिकाण कोणतं? सगळ्या वह्या बैठकीत एकत्र वाचू. गाडी घ्यायची का आणि कोणती, ते त्यावरून ठरवू.

राम राम.